लिनक्सवर पडदा पुन्हा पुन्हा फाटतोय? ओपन सोर्स ड्रायव्हरवरच्या स्क्रीन टेअरिंगचा बंदोबस्त

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी मराठी नाटक होतं. त्याचं चित्रीकरण मी करतो, एडिटिंग घरच्या डेस्कटॉपवर करतो आणि उत्सव आटोपला की देवळाच्या सभागृहात प्रोजेक्टर लावून सगळ्या कलाकारांना दाखवतो. दोन वर्षांपूर्वी असंच दाखवत असताना राजाची भूमिका केलेले भाई खुर्चीतून पुढे वाकले आणि म्हणाले, "माझा मुकुट एकीकडे आणि कपाळ दुसरीकडे का रे दिसतंय?" राजा रंगमंचावर डावीकडून उजवीकडे चालत होता. चित्राच्या वरच्या भागात एक आडवी चीर पडली होती. चिरेच्या वरचं चित्र बोटभर मागे राहिलेलं, खालचं पुढे गेलेलं. कॅमेरा वळला की सभामंडपाचे खांबही त्याच उंचीवर तुटत होते.

यालाच स्क्रीन टेअरिंग म्हणतात. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या मशीनवर हा त्रास तीनदा आला आणि तिन्ही वेळा कारण निराळं निघालं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. याच्यावरचे दहा उपाय कुठेही मिळतात. लोक ते सगळे एकदम लावतात, त्यातला एखादा लागू पडतो, चीर जाते. पण नेमका कोणता लागू पडला ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटनंतर तीच चीर परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कमांड आणि फाइलची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत, मशीनवर टाइप अर्थात इंग्रजीतच करायची.

चीर पडते कशी

६० हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढतो, म्हणजे एका फेरीला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. ही फेरी वरून खाली, ओळीमागून ओळ अशी चालते. मॉनिटर अर्ध्यावर आलेला असताना ग्राफिक्सच्या मेमरीतलं चित्र बदललं, तर वरच्या अर्ध्यात जुनी फ्रेम राहते आणि खालच्या अर्ध्यात नवी येते. दोन्हींचा सांधा म्हणजे ती चीर. फेरी संपून दुसरी सुरू होण्याआधी थोडी मोकळी वेळ असते, तिला व्ही-ब्लँक म्हणतात. चित्राची अदलाबदल तेवढ्यातच उरकली पाहिजे.

आपल्याकडच्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, बांधाला मानस (पाणी सोडायची-अडवायची दारं) असते ना, तसंच हे आहे. ओहोटीला मानशीची दारं उघडतात, भरती आली की मिटतात. शेतातल्या पाण्याला बाहेर जायचं असेल तर त्याने नदीची वेळ पाळायची. टेअरिंग म्हणजे मानशीचं दार कोणी सांभाळत नाही, पाणी वाटेल तेव्हा आत-बाहेर करतंय. त्यामुळे समस्या सोडवताना पहिला प्रश्न एकच: तुमच्या मशीनवर चित्र मॉनिटरकडे सोडणारा शेवटचा हात कोणाचा? तो ड्रायव्हर असेल, कम्पोझिटर (सगळ्या खिडक्या जोडून पडद्याचं एक चित्र बनवणारा प्रोग्राम) असेल किंवा थेट व्हिडिओ प्लेअरही असेल. उपाय त्या हाताशी करायचा, तोही एकाच जागी.

खरंच टेअरिंग आहे का, ते आधी बघा

माझे पहिले आठ दिवस केबलमध्ये गेले. एका दुकानात सांगितलं, एचडीएमआय केबल बदला. बदलली, काही फरक नाही. केबलमुळे टेअरिंग होतच नाही. गोव्यातल्या पावसाळ्यात दमट हवेने कनेक्टरच्या पिना खराब होतात हे खरं आहे, पण त्याची लक्षणं वेगळी: पांढरे ठिपके चमकणं, क्षणभर चित्र काळं पडणं, 'नो सिग्नल' येणं. आडवी चीर आणि तिच्या वर-खाली सरकलेलं चित्र, हे काम सॉफ्टवेअरचं.

सगळ्यात चांगली चाचणी स्क्रीनशॉटची. चीर दिसत असताना स्क्रीनशॉट काढा. खरं टेअरिंग असेल तर स्क्रीनशॉट स्वच्छ येतो, कारण मेमरीतलं चित्र अखंडच असतं. ते मॉनिटरकडे जाताना तुटतं. चीर पकडायची तर फोनने पडद्याचा व्हिडिओ काढावा लागतो. स्क्रीनशॉटमध्येही बिघाड दिसला तर दोष व्हिडिओ फाइलमध्ये किंवा प्लेअरमध्ये शोधा.

याचं एक उदाहरण आमच्याच जुन्या नाटकांचं. कॅमकॉर्डरच्या टेपवरून उतरवलेल्या चित्रीकरणात हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ते टेअरिंग नव्हे, इंटरलेसिंग आहे. त्या टेपा पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या, सेकंदाला ५० अर्धी चित्रं, विषम ओळी एकदा आणि सम ओळी एकदा. एमपीव्ही किंवा व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना 'डी' दाबलं की डीइंटरलेस चालू होतं आणि दाते जातात. तिसरा प्रकार अडखळण्याचा. २५ फ्रेमचा व्हिडिओ ६० हर्ट्‌झवर दाखवताना काही फ्रेम दोन फेऱ्या थांबतात, काही तीन, म्हणून कॅमेरा सावकाश वळताना बारीक धक्के बसतात. चीर मात्र पडत नाही. यावर टेअरिंगचे उपाय करत बसू नका, त्यांनी काही होणार नाही.

पहिली वेळ: ड्रायव्हर होता, पण चालूच नव्हता

माझ्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरमधलंच एएमडीचं ग्राफिक्स आहे, त्याचा ड्रायव्हर एएमडीजीपीयू, तो लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच येतो. ड्रायव्हर आहे हे गृहीत धरून मी कम्पोझिटरच्या सेटिंगमध्ये तासन्‌तास घालवले. मग एकदा जीएलएक्सइन्फो ही कमांड मोठ्या 'बी'च्या पर्यायासह चालवली. रेंडररच्या ओळीत लिहिलं होतं, एलएलव्हीएमपाइप. म्हणजे ग्राफिक्सची सगळी आकडेमोड प्रोसेसर करत होता, ग्राफिक्सचा भाग नुसता बसून होता.

कारण सापडलं ते बूटच्या ओळीत. प्रॉक फोल्डरमधली सीएमडीलाइन ही फाइल उघडून बघा, चालू कर्नलला दिलेले सगळे पर्याय एका ओळीत दिसतात. माझ्या ओळीत 'नोमोडसेट' हा शब्द होता. इन्स्टॉल करताना काळा पडदा येत होता म्हणून मी तो घातला होता, इन्स्टॉल पार पडलं आणि शब्द तिथेच राहिला. नोमोडसेट असला की एएमडीजीपीयू, इंटेलचा आय९१५ किंवा एनव्हिडियाच्या कार्डांचा खुला ड्रायव्हर नुवो यातला कोणताच ड्रायव्हर चित्राचा ताबा घेत नाही. मदरबोर्डच्या फर्मवेअरने (बायॉस किंवा यूईएफआयने) सुरुवातीला दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे चित्राच्या मेमरीवर, गाडी चालते आणि त्या फ्रेमबफरला व्ही-ब्लँक ठाऊकच नसतं. तिथे कम्पोझिटरमध्ये कितीही बटणं दाबा, मानशीला दारच नाही.

एलएसपीसीआय ही कमांड छोट्या 'के'च्या पर्यायासह चालवली की हेच दुसऱ्या बाजूने दिसतं. व्हीजीए किंवा डिस्प्ले कंट्रोलरच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ असायला हवी. माझ्याकडे ती ओळच नव्हती.

मुळातला काळा पडदा ग्राफिक्स चिपच्या फर्मवेअरच्या फाइल नसल्यामुळे येत होता. एएमडीच्या ड्रायव्हरचा कोड खुला आहे, पण चिपमध्ये चढवायचं फर्मवेअर वेगळ्या पॅकेजमध्ये असतं. डेबियन या लिनक्समध्ये त्या पॅकेजचं नाव फर्मवेअर-एएमडी-ग्राफिक्स. २०२३ साली आलेल्या डेबियन १२ पासून अशी फर्मवेअर पॅकेजं अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येतात, त्यामुळे नव्याने बसवणाऱ्याला ही अडचण सहसा येणार नाही. जुन्या इन्स्टॉलेशनवर मात्र ती आजही सापडते. मी पॅकेज बसवलं, ईटीसी फोल्डरमधल्या डीफॉल्ट फोल्डरात असलेल्या ग्रब नावाच्या फाइलमधून नोमोडसेट काढला, अपडेट-ग्रब चालवलं आणि मशीन रीस्टार्ट केलं. रेंडररच्या ओळीत एएमडीचं नाव आलं. चीर बरीच कमी झाली. व्हिडिओ चालवताना प्रोसेसरचा पंखा जो घोंघावायचा, तोही शांत झाला.

म्हणून माझा आग्रह आहे, काहीही करण्याआधी जीएलएक्सइन्फो आणि एलएसपीसीआय या दोन कमांड चालवा. दोन मिनिटांचं काम आहे. ते मी आधी केलं असतं तर आठ दिवस वाचले असते.

दुसरी वेळ: मॉनिटर ७५ वर, प्रोजेक्टर ६० वर

पुढच्या वर्षी घरी नवा ७५ हर्ट्‌झचा मॉनिटर आला. एडिटिंगला छान, स्क्रोलिंग मऊ, चीर कुठेच नाही. जत्रेनंतर तेच मशीन सभागृहात नेलं, मॉनिटरसोबत प्रोजेक्टर जोडला आणि प्रोजेक्टरवर पुन्हा मुकुट तुटला. मॉनिटरवर तोच व्हिडिओ अखंड.

मी एक्सएफसीई हा डेस्कटॉप वापरतो, एक्सऑर्ग या जुन्या डिस्प्ले सर्व्हरवर, म्हणजे प्रोग्रामांची चित्रं पडद्यापर्यंत नेणाऱ्या सॉफ्टवेअरवर. तिथला विंडो मॅनेजर हाच कम्पोझिटरही असतो. २०१९ साली आलेल्या ४.१४ आवृत्तीपासून त्याला व्ही-ब्लँक पाळता येतं, त्यासाठी एक्सप्रेझेंट आणि जीएलएक्स असे दोन मार्ग आहेत. सेटिंग्ज एडिटरमध्ये एक्सएफडब्ल्यूएम४ या चॅनेलखाली व्हीब्लँक-मोड हा गुणधर्म मिळतो. एकच मॉनिटर असेल तर त्याची किंमत जीएलएक्स करून बघा, बहुतेकांचं काम तेवढ्यावर भागतं. पण एक्सऑर्गला दोन पडदे म्हणजे एकच लांबलचक पट्टी. कम्पोझिटर ती पट्टी एका ठोक्यावर रंगवतो आणि तो ठोका एकाच पडद्याचा असू शकतो. ७५चा ताल धरला की ६०वाला बेताल होणारच.

त्यात आणखी एक गोष्ट आड आली. विंडो मॅनेजर ट्वीक्समधल्या कम्पोझिटरच्या पानावर फुलस्क्रीन खिडक्या थेट दाखवण्याचा एक पर्याय असतो. तो चालू असेल तर व्हिडिओ फुलस्क्रीन केल्याबरोबर कम्पोझिटर बाजूला होतो. खिडकीत व्हिडिओ स्वच्छ आणि फुलस्क्रीनला चीर, असं लक्षण असेल तर आधी हाच पर्याय बंद करा. केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या एक्सऑर्ग सत्रातही ॲप्लिकेशनला कम्पोझिटिंग थांबवू देणारा पर्याय आहे, परिणाम तोच.

दोन वेगळ्या तालांचे पडदे असतील तर खरा उपाय ड्रायव्हरमध्ये आहे, त्याचं नाव टेअरफ्री. हा पर्याय एएमडीजीपीयू आणि जुन्या कार्डांच्या रेडिऑन या एक्सऑर्ग ड्रायव्हरांत मिळतो. इथे ड्रायव्हर प्रत्येक पडद्यासाठी स्वतंत्र बफर (चित्र साठवायची मेमरी) ठेवतो आणि त्या त्या पडद्याच्या व्ही-ब्लँकलाच अदलाबदल करतो. प्रत्येक बांधाला आपापली मानस. खर्च फारसा नाही: १९२० बाय १०८० च्या एका बफरला सुमारे ८ एमबी मेमरी, आणि चित्र दिसायला फार तर एखाद्या फ्रेमचा उशीर. नाटक बघताना तो जाणवत नाही. नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याला जाणवू शकतो.

आधी तात्पुरतं करून बघा. एक्सरँडआर ही कमांड नुसती चालवली की जोडलेल्या पडद्यांची नावं येतात. मग त्याच कमांडला आउटपुटच्या पर्यायात पडद्याचं नाव आणि सेटच्या पर्यायात टेअरफ्री व ऑन हे दोन शब्द द्या. सभागृहात मी हे केलं तेव्हा प्रोजेक्टर पापणी लवेपर्यंत काळा झाला आणि चित्र परत आलं ते चीर नसलेलं. राजा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, मुकुट डोक्यावरच होता. भाई काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त मान हलवली.

लॉगआउट केलं की ही सेटिंग जाते. कायमची करायला ईटीसी, त्यात एक्स११, त्यात एक्सऑर्ग.कॉन्फ.डी या फोल्डरात डॉट कॉन्फने संपणारी एक छोटी फाइल करा. तिच्यात डिव्हाइस नावाचा सेक्शन, आयडेंटिफायर म्हणून कोणतंही नाव, ड्रायव्हर म्हणून एएमडीजीपीयू, ऑप्शन टेअरफ्री आणि किंमत ट्रू, शेवटी एंडसेक्शन. ऑप्शनचं नाव आणि किंमत दोन्ही वेगवेगळ्या दुहेरी अवतरणांत लिहायची. ही फाइल का हवी? एएमडीजीपीयूमध्ये टेअरफ्रीची मूळ किंमत ऑटो असते. ऑटो म्हणजे फिरवलेल्या पडद्यांना किंवा दुसऱ्या ग्राफिक्स चिपवरून चित्र घेणाऱ्या पडद्यांना ते लागू होतं, साध्या सरळ मॉनिटरला नाही.

टेअरफ्री लावल्यावर कम्पोझिटरचं व्ही-ब्लँक मी बंद केलं. दोन्ही चालू ठेवले तर चीर पडत नाही, पण उशीर वाढतो आणि उद्या काही बिघडलं तर कोणामुळे ते कळत नाही. पिकॉमसारखा वेगळा कम्पोझिटर वापरत असाल तर विंडो मॅनेजरचा आपला कम्पोझिटर पूर्ण बंद करा. दोन कम्पोझिटर एकत्र नांदत नाहीत.

तिसरी वेळ: फाइल जागेवर, ड्रायव्हर गायब

यंदा सिस्टिमची मोठी आवृत्ती बदलली आणि चीर परत. कॉन्फची फाइल तशीच होती, फक्त मध्यंतरी तिच्यातली ड्रायव्हरची ओळ मी काढून टाकली होती. इथे एक्सऑर्गचा लॉग वाचायला शिकलो आणि आता तो सगळ्यात आधी वाचतो. तो व्हार फोल्डरातल्या लॉगमध्ये एक्सऑर्ग.०.लॉग या नावाने असतो. तिथे जुनाच दिसला तर होम फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट लोकलखाली शेअर आणि त्यात एक्सऑर्ग, तिथे बघा. लॉगच्या ओळींवर ड्रायव्हरचं नाव असतं. पूर्वी माझ्याकडे एएमडीजीपीयू असायचं, आता प्रत्येक ओळीवर मोडसेट दिसत होतं. शिवाय शेवटाकडे एक इशारा: ऑप्शन टेअरफ्री 'इज नॉट यूज्ड'.

अपग्रेडमध्ये एएमडीजीपीयूचं एक्सऑर्ग पॅकेज काढलं गेलं होतं. कर्नलमधला ड्रायव्हर आणि एक्सऑर्गचा ड्रायव्हर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नावं सारखी असल्याने गोंधळ होतो. कर्नलमधला होता, एक्सऑर्गचा नव्हता, म्हणून एक्सऑर्गने मोडसेटिंग हा सर्वसामान्य ड्रायव्हर घेतला. मोडसेटिंग चांगला ड्रायव्हर आहे, पण एक्सऑर्ग सर्व्हरच्या २१.१ मालिकेत त्याला टेअरफ्री नाही. फाइलमधली ओळ त्याने वाचली आणि सोडून दिली. पॅकेज परत बसवलं, लॉगआउट-लॉगइन केलं, काम झालं.

उलट बाजूची एक काळजी घ्या. डिव्हाइस सेक्शनमध्ये ड्रायव्हरचं नाव लिहिलं असेल आणि तो ड्रायव्हर मशीनवर नसेल, तर एक्सऑर्ग सुरूच होत नाही, नुसता काळा पडदा. घाबरू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून मजकुराच्या कन्सोलवर जा, लॉगइन करा, आपण केलेली ती फाइल तिथून हलवा आणि रीस्टार्ट करा. म्हणून त्या फोल्डरात जे काही कराल त्याला ओळखू येईल असं नाव द्या.

तुमचं ग्राफिक्स वेगळं असेल तर

इंटेलवाल्यांना जुन्या लेखांत इंटेल नावाचा एक्सऑर्ग ड्रायव्हर आणि त्याचं टेअरफ्री सुचवलेलं दिसेल. ते चालतं, जुन्या चिपवर उत्तम चालतं. पण त्या ड्रायव्हरची २.९९.९१७ ही आवृत्ती डिसेंबर २०१४ ची, आणि नव्या चिपवर त्यातून दुसऱ्याच कटकटी निघू शकतात. अलीकडचं मशीन असेल तर मोडसेटिंगवरच राहा आणि शेवटचा हात कम्पोझिटरचा ठेवा.

एनव्हिडियाच्या कार्डावर नुवो वापरत असाल तर 'फोर्स कम्पोझिशन पाइपलाइन' हा सल्ला सोडून द्या, तो कंपनीच्या स्वतःच्या बंद ड्रायव्हरसाठी आहे. नुवोला कम्पोझिटर न वापरणाऱ्यांसाठी जीएलएक्सव्हीब्लँक हा पर्याय आहे, तो मुळात बंद असतो आणि त्याच डिव्हाइस सेक्शनमध्ये चालू करता येतो.

सगळं बरोबर असून चीर जात नसेल तर होम फोल्डरात डॉट डीआरआयआरसी नावाची लपलेली फाइल आहे का बघा. गेमचा वेग वाढवण्यासाठी कोणीतरी तिच्यात व्हीब्लँक-मोडची किंमत शून्य करून ठेवलेली असते. शून्य म्हणजे मेसाला, खुल्या ड्रायव्हरांच्या ग्राफिक्स लायब्ररीला, स्पष्ट हुकूम, व्ही-ब्लँकची वाट कधीच बघू नको. याच नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलही असतो, तोही तपासा. एका ओळखीच्या मुलाच्या मशीनवर, डिचोलीला, तीन तास शोधल्यावर हेच निघालं.

आणि ज्यांना ग्नोम किंवा केडीई चालतं त्यांनी लॉगइनच्या पडद्यावर वेलँडचं, म्हणजे एक्सऑर्गच्या जागी आलेल्या नव्या पद्धतीचं, सत्र निवडून बघावं. तिथे कम्पोझिटर हाच डिस्प्ले सर्व्हर असतो, शेवटचा हात कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. अर्धवट फ्रेम दाखवायची नाही हे तत्त्व त्याच्या रचनेतच आहे. वेगवेगळ्या हर्ट्‌झचे दोन पडदेही तिथे आपापल्या तालावर चालतात. फेडोरा वर्कस्टेशनने २०१६ मध्येच ते मुळातलं सत्र केलं, केडीई प्लाझ्मा ६ ने २०२४ मध्ये. एक्सएफसीईमध्ये डिसेंबर २०२४ च्या ४.२० आवृत्तीत वेलँडची सोय आली, पण प्रायोगिक म्हणून. सभागृहात पन्नास माणसं बसलेली असताना प्रयोग नको म्हणून मी अजून एक्सऑर्गवर आहे.

आता प्रोजेक्टर लावला की नाटकाआधी मी तीन गोष्टी बघतो. लॉगमध्ये एएमडीजीपीयूचं नाव, एक्सरँडआरला 'प्रॉप' हा पर्याय देऊन टेअरफ्री ऑन आहे का, आणि दहा सेकंदांची एक क्लिप, जिच्यात काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरी उभी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते. पट्टी वरपासून खालपर्यंत सरळ गेली की दिवे बंद करायला सांगतो.